तिसावी बाई

सोलापुरात थंडी पडते असं बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. त्याला आमचा मे महिना तेवढा माहीत असतो. पण मार्गशीर्ष सरता सरता इथं खरोखरच थंडी येते, आणि पाहुण्यासारखी थोडे दिवस राहून, तिळगूळ खाऊन निघून जाते. पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं. पीठ मळताना बोटं आखडतात. वर्षभर ज्या तव्याची धग नकोशी होते, त्याच्याच शेजारी उगाच रेंगाळावंसं वाटतं. मंडईत हुरड्याची कणसं येतात. होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यांचे खांब उभे राहायला लागतात. आणि अंधार पुरता गेलेला नसतो तेव्हाच रस्त्यानं पळणारी माणसं दिसायला लागतात.

त्यांच्याकडे मी पूर्वी कधी बघत नसे. आता दुधाची पिशवी घ्यायला दारात आले की थांबते. पायांकडे बघते, बूट जुने की नवे ते बघते. एखादी मुलगी एकटीच पळत गेली तर वळणाआड होईपर्यंत बघत राहते, आणि मनात प्रश्न येतो, हिचं भागतं कशावर?

हा प्रश्न दीपालीनं मला लावून दिला. तीनेक वर्षं झाली त्या थंडीला.

सात रस्त्याच्या मागच्या अंगाला एका गल्लीत आमची खानावळ आहे. पुढं खानावळ, मागं आमचं घर, आणि वर दोन खोल्या, मुलींना कॉट बेसिसवर दिलेल्या. नर्सिंगच्या मुली असतात, बँकेच्या परीक्षा देणाऱ्या असतात. दिवाळी संपल्यावर एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, उन्हानं रापलेली, एका खांद्याला कपड्यांची बॅग आणि दुसऱ्याला जाळीची पिशवी. पिशवीत नुसते बूट. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, काही न विचारता तिनं विचारलं, "काकू, ताटात भात किती वेळा मिळतो वो?"

"पोटभर," मी म्हणाले.

"माझं पोट लई मोठं हाय. आधीच सांगितल्यालं बरं."

मी हसले. करकंबजवळच्या वस्तीवरची होती. घरचा ऊस, दोन म्हशी, लग्न झालेला भाऊ. नोंदवहीत लिहायचं म्हणून मी विचारलं, "काम काय करतेस?"

"पळते."

"ते ठीक आहे गं. पण काम काय करतेस?"

"त्येच की. पळते."

मी पेन तसंच धरून बसले. पळण्याचे पैसे कोण देतं? पगार असतो का? तिनं मान हलवली. "पगार न्हाय. नंबर आला तर बक्षीस."

"आणि नाही आला तर?"

"मग तिकीट अंगावर."

वहीत शेवटी मी 'खेळाडू' असं लिहिलं. ते वाचून तिला बरं वाटलेलं दिसलं.

पोटाचं तिनं खोटं सांगितलं नव्हतं. सकाळी ग्राउंडवरून आली की चार भाकरी, आमटीच्या वाट्या मोजायच्या नाहीत, वर शेंगाच्या चटणीवर दही घालून पुन्हा अर्धी भाकरी. दुपारी तेवढंच. आमचे हे चादरींच्या दुकानात कामाला असतात. दुपारी जेवायला आले की तिच्या ताटाकडे बघत जेवायचे. एकदा मला आत बोलावून म्हणाले, "हिच्यात आपल्याला काही सुटतं का?" काही सुटत नव्हतं. पण मला ते बघायला आवडायला लागलं होतं. आमच्या घरात बाईनं कधी असं जेवलेलं मी बघितलं नव्हतं. आम्ही सगळ्या जणी शेवटी बसून, उरलेलं बघून जेवत आलेल्या. ही बैलाला पेंड घालावी तसं स्वतःला घालायची, आणि त्यात लाज अशी काही नसायची.

मी प्रश्न विचारायला लागले. भाकरी थापता थापता विचारायचं, ती उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली असायची. पायांची दोन नखं काळी पडलेली, एक नव्हतंच.

"दुखत नाही?"

"नख हाय तंवर दुखतंय. गेल्यावर न्हाय."

"पळताना मनात काय असतं?"

"पुढच्या बाईच्या वेणीकडं बघायचं. ती वेणी कशी हलती त्यावरनं कळतं दमली का न्हाय ते."

"आणि पुढं कुणीच नसलं तर?"

"मग लई भ्या वाटतं, काकू."

अशी उत्तरं मिळाली की माझी भाकरी तव्यावर करपायची.

थंडीचे हे महिने म्हणजे तिचा सुगीचा काळ. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शहरात शर्यत असते. कधी साखर कारखान्याची, कधी डॉक्टर मंडळींची, कधी कुणाच्या वाढदिवसाची. शनिवारी एसटीनं जायचं, ओळखीच्या कुणाच्या तरी घरी नाहीतर धर्मशाळेत अंग टाकायचं, पहाटे पळायचं, संध्याकाळी परत. उन्हाळा आला की हे सगळं बंद. ह्या तीन-चार महिन्यांत जे मिळेल त्यात वर्षभराचे बूट, खाणं, भाडं आणि दुखापत. दुखापत हा शब्द ती बूट आणि भाड्याच्याच ओळीत घ्यायची, किराणा सांगितल्यासारखा.

बायकांचं बक्षीस बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या अर्धं असायचं. अंतर तेवढंच, चढ तेवढाच. पुरुषांतल्या बऱ्याच जणांना कुठं ना कुठं खेळाडू म्हणून नोकरी होती, महिन्याला पगार होता. बायकांत तशा थोड्या. एका गावात पहिल्या आलेल्या पुरुषाला मोटारसायकल मिळाली आणि पहिल्या आलेल्या दीपालीला मिक्सर. तो तिनं एसटीत मांडीवर धरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. "काकू, ह्या महिन्याचं जेवण ह्यात धरा." मी धरलं. दुसऱ्या एका गावाहून ती पुठ्ठ्याचा मोठा चेक घेऊन आली, दाराएवढा, फोटोसाठी दिलेला. कंडक्टर म्हणाला होता, ह्याचं लगेज लागेल. लगेज भरलं. खरे पैसे मात्र आले नव्हते, ते नंतर खात्यावर येणार होते. नंतर म्हणजे कधी, हे तिलाही माहीत नव्हतं.

"आणि महिन्याची अडचण आली तर?" मी एकदा हळू आवाजात विचारलं.

"तसंच पळायचं. शर्यतीची तारीख आपल्या तारखेला विचारून ठरत न्हाय."

घरचं ती फारसं बोलत नसे. एकदा फोन ठेवल्यावर आपणहून म्हणाली, "आबा वाईट न्हाईत वो." आबा म्हणजे तिचे वडील. त्यांनी तिला हा एक हंगाम दिला होता. हंगामात स्वतःचं स्वतः भागवलं तर पुढं पळ, नाहीतर घरी ये, स्थळं बघू. शेतकऱ्याच्या मनाला पटेल असाच करार होता. पीक आलं तर पुन्हा पेरायचं. तिनंही तो तसाच घेतला होता. फक्त डिसेंबरच्या शेवटी तिची डावी नडगी दुखायला लागली. ती बर्फ लावून बसायची आणि मला म्हणायची, "आबांचा फोन आला तर सांगू नका."

गड्ड्याची यात्रा उठल्यावर सोलापुरातच शर्यत होती. दहा किलोमीटर, बक्षीस बऱ्यापैकी, आणि एसटीचा खर्च नाही. दीपाली त्या एका रविवारवर डोळे लावून होती. आदल्या आठवड्यात तिनं विचारलं, "माझी एक मैत्रीण आली तर राहू दे का दोन-चार दिवस? नातेपुत्याची हाय. सुनीता."

सुनीताचं नाव मी ऐकून होते. दीपाली दुसरी आली की पहिली सुनीता असायची, आणि उलट. मला वाटलं होतं दोघींत विस्तव जात नसेल. सुनीता आली ती उंच, अबोल, केस बारीक कापलेले. (तिच्या मागं पळणाऱ्यांनी कशाकडं बघायचं, असं माझ्या मनात येऊन गेलं.) दोघी एकाच ताटात जेवल्या. जेवण झाल्यावर सुनीतानं कमरेची पिशवी सोडली, काही नोटा वेगळ्या काढल्या आणि दीपालीपुढं सरकवल्या.

"हे कसले?" मला राहवलं नाही.

"भिशी," सुनीता म्हणाली.

भिशी मला माहीत होती. आमच्या गल्लीत साड्यांची भिशी आहे, भांड्यांची आहे. पळणाऱ्यांची भिशी ऐकली नव्हती. दीपालीनं समजावलं. दर रविवारी ह्याच सहा-सात जणी वेगवेगळ्या गावांत एकमेकींसमोर उभ्या राहतात. बक्षीस तिघींना. बाकीच्या रिकाम्या हातानं परत. म्हणून त्यांनी ठरवलं, जिला मिळेल तिनं थोडा वाटा बाजूला ठेवायचा, आणि जिला नाही मिळालं तिचं तिकीट आणि जेवण त्यातून निघायचं. गेल्या रविवारी नडगीमुळं दीपाली पाचवी आली होती. हे तिचं तिकीट होतं.

मी त्या नोटांकडं बघितलं. मग विचारलंच, "मग पळताना एकमेकींना सोडता का? आज तू, उद्या मी, असं?"

सुनीता पहिल्यांदा हसली. "पळताना कोण कुणाची न्हाय, काकू. रस्त्यावर ही माझी वैरीण हाय."

"व्हय," दीपाली म्हणाली. "गेल्या साली हिनं मला कोपर मारल्यालं."

"लागलं चुकून."

"चुकून म्हणं."

त्याच संध्याकाळी सुनीता मोबाइलवर आमच्या शर्यतीचे नियम वाचत होती. वाचता वाचता थांबली. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. महिला गटात तीसपेक्षा कमी स्पर्धकांनी शर्यत पूर्ण केल्यास बक्षिसाची रक्कम निम्मी करण्यात येईल.

"अर्ध्याचं अर्धं," दीपाली म्हणाली.

मागल्या वर्षी दहा किलोमीटरला किती बायका होत्या ते दोघींनी आठवून बघितलं. वीसही भरेनात. सोलापुरात बायका पळत नाहीत असं नाही. पण प्रवेशाचे पैसे, रविवारची सकाळ, घरचा नाश्ता, नवऱ्याचा चहा, पोरांची डोकी धुणं, आणि वर लोक बघणार. निम्मं बक्षीस आलं तर दीपालीचा हिशेब बसत नव्हता. डॉक्टरला नडगी दाखवायची होती. आबांनी दिलेला हंगाम तिथंच संपल्यात जमा होता. ती बर्फाची पिशवी पायावर धरून बसून राहिली.

मी म्हणाले, "पूर्ण केल्यास म्हणजे पळतच पूर्ण करायची का? चालत केली तर?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं. सुनीतानं पुन्हा वाचलं. पळायचं असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग चार दिवस आम्ही दारोदार हिंडलो. मी आयुष्यात दहा किलोमीटर सलग चालले नव्हते, पण इतरांना सांगायला त्याची गरज पडत नाही. वरच्या खोल्यांतल्या पोरी तयार झाल्या. शेजारच्या लक्ष्मीअक्का आधी हसल्या. त्यांच्या घरी टॉवेलचे माग आहेत, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. "अय्यो, पळायचं? कशाला? मागं कुत्रं लागलंय काय?" पण मागाचा खडखडाट बंद करून त्यांनी पुन्हा एकदा सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सकाळी किती वाजता?"

सुमनताईंकडं मात्र सोपं गेलं नाही. त्या दवाखान्यात परिचारिका. त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर आठवड्याला बायका जमतात, आणि सुमनताईंच्या शब्दावर त्यातल्या दहा-बारा जणी सहज आल्या असत्या. ताईंनी चहा दिला, ऐकलं, आणि सरळ विचारलं, "बक्षीस हिला मिळणार. पाय आमचे दुखणार. आम्ही का यायचं?"

मी बाईपण, एकजूट असं काहीतरी सुरू केलं. माझं मलाच ते भाषणासारखं वाटायला लागलं. दीपालीनं मला थांबवलं.

"ताई, तुमच्यासाठी न्हाय. माझ्यासाठीच या. खोटं कशाला बोलू? तुमाला दमणूक होईल आन मला पैसं मिळतील. तेबी नंबर आला तर."

सुमनताईंनी तिच्या पायाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "नडगी दाखव." ती दाबून बघितली. "ह्याच्यावर पळणार तू?"

"व्हय."

"वेडी आहेस." आणि दाराकडं जाता जाता म्हणाल्या, "येतो आम्ही. पण प्रवेशाचे पैसे नाही भरणार."

ते पैसे भिशीतून गेले. सुनीतानं बाकीच्या जणींना फोन केले. कुणी कुरकुरली, एकीनं फोन आपटला, पण शेवटी होय म्हणाल्या. पिशवी रिकामी झाली. तीस बाया पूर्ण झाल्या नाहीत तर भिशीही गेली आणि बक्षीसही निम्मंच. हा उद्योग माझ्या एका प्रश्नातून निघालेला होता.

रविवारी पहाटे मैदानावर धुकं होतं. चहाच्या टपरीवर वाफ. चकचकीत कपड्यातली माणसं पाय ताणत होती, आणि त्यांच्यामध्ये आम्ही, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणी साडीवर स्वेटर घालून, सगळ्यांच्या छातीवर कागदी नंबर. लक्ष्मीअक्कांनी नंबर पदराखाली लावला होता. "दिसला पाहिजे," असं सुनीतानं सांगितल्यावर त्यांनी तो लाजत वर घेतला. सुमनताई आल्या त्या बारा जणी घेऊन, सगळ्यांच्या पायात दवाखान्यातले पांढरे बूट असावेत असे एकसारखे बूट. दीपाली आमच्याजवळ आली नाही. ती पुढच्या ओळीत, कुणाकडं न बघता उभी होती. तिचा चेहरा मला ओळखू आला नाही.

बार उडाला आणि पुढची रांग नाहीशी झाली. मी मान वर करेपर्यंत तिथं नुसतं धुकं होतं.

विजापूर रोड मी वर्षानुवर्षं रिक्षातून बघितला आहे. रस्त्याच्या मधून चालताना तो वेगळाच निघाला. रुंद, शांत, आणि बराच चढाचा. रिक्षात चढ कळत नाही. कंबर तलावावरून गार वारा आला, पाण्यावर पक्षी बसलेले होते. एक म्हातारे गृहस्थ फाटकात उभे राहून दात घासत होते, ते आम्हाला बघून ब्रश तोंडात तसाच ठेवून थांबले. सुमनताईंचा जथा भराभर पुढं निघून गेला. नर्सिंगच्या पोरी गेल्या. उरलो मी आणि लक्ष्मीअक्का. मुदत भरपूर आहे असं दीपाली म्हणाली होती, पण तिची भरपूर आणि आमची भरपूर यांत फरक होता. अर्ध्या वाटेवर अक्कांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. डांबर अजून गार होतं.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या.

"पुढं होऊन काय करू? तुम्हीही मोजायच्या आहात."

त्यावर त्या तेलुगूत काहीतरी बोलल्या. तो आशीर्वाद नव्हता एवढं कळलं.

शेवटच्या वळणावर समोरून एक मुलगी आमच्या दिशेनं येताना दिसली, एका पायावर जोर कमी देत. दीपाली होती. शर्यत संपवून, घाम न पुसता ती उलटी आली होती.

"कितवी?" मी ओरडले.

"तिसरी. चला, काकू. अक्का, चला. अठ्ठावीस आल्यात."

"मग?"

"मग तुमीच राहिलासा की दोघी!"

शेवट दिसायला लागला तेव्हा तिथली माणसं कमान उतरवायला लागली होती. मुदत संपलेली नव्हती. पाहुण्यांना दुसरीकडं जायचं होतं, म्हणून आवराआवर. रस्त्यावर जी चटई अंथरलेली असते, जिच्यावर पाय पडला की नंबर मोजला जातो, ती दोघं जण गुंडाळत होते. गळ्यात शिट्टी घातलेले एक गृहस्थ हातवारे करत होते. आणि चटईच्या मधोमध सुनीता बसली होती. पहिली आलेली बाई, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"उठा मॅडम," ते म्हणत होते. "झाली शर्यत."

"बाया हायत अजून."

"कुठं आहेत?"

तिनं आमच्याकडं बोट केलं. मला त्या क्षणी माझ्या अवताराची अतोनात लाज वाटली, आणि ती वाटत असतानाच मी पळायला लागले. खरंच पळाले. किती अंतर ते सांगत नाही. मी चटईवर पाय टाकला, मागं वळून बघितलं. लक्ष्मीअक्का पळाल्या नाहीत. चपला हातात धरून, आपल्याच चालीनं, लग्नमंडपात शिरावं तशा आल्या आणि चटईवर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या. यंत्र वाजलं.

"तीस," सुनीता म्हणाली आणि उठली.

बक्षिसं रिकाम्या खुर्च्यांसमोर दिली गेली. माइकवरून महिलांच्या उदंड प्रतिसादाबद्दल समाधान व्यक्त झालं. मी त्या शिट्टीवाल्या गृहस्थांना विचारलं, "बायकांना अर्धं का हो?" माणूस वाईट नव्हता. त्यांनी खरंच विचार केला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "पहिल्यापासून असंच आहे," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "विचारलं नव्हतं कुणी." पुढच्या वर्षी ती तीसची अट निघाली. रक्कम अजून सारखी झालेली नाही, थोडी जवळ आली आहे. मी दर वर्षी जाऊन विचारते. आता ते मला लांबून बघितलं की टोपी काढतात.

दीपालीचे पैसे खात्यावर यायला बरेच फोन करावे लागले. तोवर नडगीसाठी तीन आठवडे विश्रांती झाली, म्हणजे तीन रविवार गेले. हिशेब मांडला तर हंगाम जेमतेम बरोबरीत सुटत होता, तोही मिक्सर धरून. फोनवर आबांना तिनं सगळं खरं सांगितलं. दोन दिवसांनी ते स्वतःच आले. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात हुरड्याची पिशवी. खानावळीच्या बाकावर अंग चोरून बसले. मी ताट वाढलं. चार घास खाऊन त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी तिला पळताना बघितलं का? कशी पळती?"

सबंध थंडीभर मी तिला प्रश्न विचारले होते. तिची नखं बघितली, जेवण बघितलं, बर्फ बघितला. पळताना बघितलं नव्हतं. ज्या दिवशी बघता आलं असतं, त्या दिवशी मी तिच्या फार मागं होते.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही?"

"शाळंत होती तवा. लहान होती."

त्या हंगामातली शेवटची शर्यत अकलूजच्या बाजूला एका कारखान्याच्या गावात होती. आबा आणि मी एसटीनं गेलो, तिला न सांगता. रस्त्याच्या कडेला उसाचा फड होता, त्याच्या सावलीत उभे राहिलो. आधी पुरुष गेले. मग मोटारसायकलवरचा झेंडेवाला, आणि त्याच्यामागं बायका. सुनीता पुढं होती. मग दोघी. मग दीपाली.

मला वाटत होतं ती दमलेली, ओढलेली दिसेल. तसं काही नव्हतं. पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हतं, नुसता हलका आवाज येत होता, कापड झटकल्यासारखा. खांदे सैल, तोंड किंचित उघडं, नजर पुढच्या मुलीच्या पाठीवर. उंबऱ्यावर पाय पसरून बसणारी ती हीच, ह्यावर माझा विश्वास बसेना. आमच्या अगदी जवळून गेली, आम्हाला बघितलं नाही.

"गेली," मी म्हणाले.

"गेली की," आबा म्हणाले.

ती चौथी आली. चौथीला बक्षीस नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं, पण तिघींच्या मागं आहे हे आबांनाही दिसलंच होतं. मला वाटलं आता ते शेवटाच्या ठिकाणी जातील. ते हलले नाहीत. पाचवी आली, तिला त्यांनी टाळ्या वाजवल्या. सहावीला वाजवल्या. मग कॉलेजच्या पोरी, एक बाई धापा टाकत, एक शाळकरी मुलगी दोन वेण्या उडवत. प्रत्येकीला आबा मोठ्या खडबडीत हातांनी टाळ्या वाजवत होते, आणि त्या मुली दचकून, ओळखीचं कोण म्हणून बघत पुढं जात होत्या. ऊन चढलं. शेवटची मुलगी चालतच आली, तिच्याही मागं कुणी नाही हे बघून ते थांबले.

मग टोपी नीट करून त्यांनी मला विचारलं, "पुढच्या थंडीत पहिली शर्यत कुटं असती?"